भाऊजींच्या गाडीचं मागचं काम

रविवार, ३ नोव्हेंबर. भाऊबीज.

शिरढोणला ताईकडे जाऊन आलो. ओवाळणीचं पाकीट कामोठ्याला टेबलावरच राहिलं. रुचिराचं म्हणणं, मी विसरलो. माझं म्हणणं, पर्स बायकोकडे असते. असो. ताई ताट घेऊन समोर उभी आणि माझा हात खिशात नुसताच फिरतोय. अशाच वेळी माणसाचं प्रसंगावधान कळतं. मी म्हटलं, ताई, यंदा ताटात शब्द टाकतो. भाऊजींची गाडी मी स्वतः दुरुस्त करून देतो. आभा त्याच गाडीतून सासरी जाईल.

आभा म्हणजे ताईची एकुलती एक. लग्न १४ डिसेंबरला, दारातच मांडव. गाडी म्हणजे विनायकभाऊजींनी स्वतः बांधलेली स्पोर्ट्स कार. खाली फियाटचा सांगाडा, वर स्वतः ठोकून काढलेला पत्रा, दोन सीटा, छप्पर नाही, रंग लाल. रसायनीच्या कंपनीत नोकरी करत रविवारी-रविवारी बांधली. भाऊजी जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून गाडी शेडमध्ये कव्हरखाली आहे. इंजिन चालू होतं. काम मागचं आहे. डाव्या बाजूचा पाटा, म्हणजे चाकावरची स्प्रिंग, तुटून गाडी बसली आहे, आणि डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचं फिरणं मागच्या चाकांना पोचवणारा तो मधला लोखंडी गोळा, बोंब मारतो.

आभा गाडी पळस्प्याच्या गॅरेजला देणार होती. बोलणंही झालं होतं. मी ते थांबवलं. सव्वीस वर्षं इन्शुरन्समध्ये मोटार क्लेम बघतोय. डिफरन्शियल हा शब्द मी जितक्या वेळा लिहिला असेल तितक्या वेळा कुठल्या गॅरेजवाल्याने उच्चारला नसेल. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. पाकीट दिलं असतं तर आलं नसतं.

शनिवार, ९ नोव्हेंबर.

संकल्प: दर शनिवार-रविवार सकाळी आठला शिरढोण.

पोचलो साडेअकराला. ताईने पोहे केले होते, ते नाकारणं बरं दिसलं नसतं. मग चहा. मग जेवणाचीच वेळ झाली. दुपारी कव्हर काढलं आणि गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. प्रथमदर्शनी नैसर्गिक झीज.

शेजारचे गणूशेठ येऊन उभे राहिले. दोन जेसीबी, चार डंपर, गळ्यात साखळी. म्हणाले, माझा फिटर पाठवतो, दोन दिवसांत करून देईल. मी हसून नको म्हटलं. घरची गाडी आहे, घरच्या माणसाचा हात लागला पाहिजे. जॅक आणि उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी घोडे मात्र त्यांच्याकडूनच आणले, कारण माझ्याकडे नाहीत.

रविवार, १० नोव्हेंबर.

गाडी घोड्यांवर चढवली. खाली शिरलो. एक नट काढला.

बाहेर येताना पोट आणि चेसिस यांच्यात मतभेद झाला. बराच वेळ तसाच पडून होतो. ताईला हाक मारावीशी वाटली नाही. गाणं गुणगुणत होतो, म्हणजे कुणाला वाटेल काम चाललंय. शेवटी गणूशेठने माझे पाय धरून ओढलं. हे आपल्यातच राहील असं आमचं ठरलं. चार वाजता त्यांची बायको पदर तोंडावर धरून ताईकडे साखर मागायला आली. त्यांच्याकडे साखर असते हे मला माहीत आहे.

संकल्प: भात बंद.

शनिवार, १६ नोव्हेंबर.

कळंबोलीहून पाटे आणले. दुकानदाराने विचारलं, कुठल्या गाडीला? स्पोर्ट्स कार म्हटल्यावर तो गप्प झाला. आदराने असावं. जरा जाड आणले, मजबुती महत्त्वाची. डावीकडे बसवले. आता डावी बाजू उंच आणि उजवी खाली. म्हणून उजवीकडेही तसेच बसवले. आता सगळी मागची बाजूच वर गेली आहे. गाडी पाणी प्यायला वाकलेल्या म्हशीसारखी दिसते.

ताईने विचारलं, ही पहिल्यापासून अशी होती का रे? मी म्हटलं, स्पोर्ट्स कारचा स्टान्स असाच असतो. ती म्हणाली, ह्यांनी असलं काही ठेवलं नव्हतं. मी विषय बदलला, केटररचा काढला.

रविवार, १७ नोव्हेंबर.

मोठा दिवस. डिफरन्शियल उघडलं.

आत एक मोठं दातेरी चक्र असतं, त्याला क्राऊन म्हणतात. कागदावर शेकडो पाहिले, प्रत्यक्ष आज पहिल्यांदा. सुंदर असतं. मागची बेअरिंगं गेली होती, तोच तो आवाज. सगळं काढण्यापूर्वी फोटो काढून ठेवावा ही माझी क्लेममधली शिस्त. एका हातात टॉर्च होता, म्हणून सेल्फीच काढला: मी, टॉर्च आणि मागे क्राऊन. 'आभाचं लग्न' या ग्रुपवर टाकला. सदतीस अंगठे आले. लोकांना कष्टाची कदर असते.

मग तेल सांडलं. मी ट्रे ठेवला होता, पण तेल ट्रेच्या बाजूने आलं. गिअर ऑइलला असा वास असतो की सांगून कळणार नाही. अंगणभर पसरलं. घाईघाईत शेडच्या खुंटीवरचा एक जुना निळा कपडा ओढला आणि पुसून काढलं.

तो भाऊजींचा बॉयलर सूट होता. कंपनीतला. गाडी बांधताना ते तोच घालायचे. ताईने दोन वर्षं खुंटीवरून हलवला नव्हता.

तिने तो माझ्या हातातून घेतला, मोरीत नेला, साबण लावून घासत बसली. मी दारात उभा राहून म्हणत होतो, ताई, मी ड्रायक्लीनला देतो. तिने मान वर केली नाही. संध्याकाळी निघालो तेव्हा दोरीवर वाळत होता. डाग तसाच होता, फक्त मोठा झाला होता.

सोमवार, १८ नोव्हेंबर. ऑफिस.

कालचं डोक्यातून जात नाही. एका गॅरेजचं एस्टिमेट आलं होतं, त्यावर 'दुरुस्ती करणाऱ्याचा निष्काळजीपणा' असं लिहिणार होतो. पेन थांबलं. मंजूर करून टाकलं.

तरी एक गोष्ट आहे. कपडा तिथे टांगून ठेवला की कुणीही पुसायलाच घेणार.

रविवार, २४ नोव्हेंबर.

नवी बेअरिंगं बसली. क्राऊन परत आत. डावी-उजवी बाजू इतकी सारखी दिसते की नवशिक्याचा घोटाळाच व्हायचा. मी मोबाइल समोर विटेला टेकवून ठेवला आणि सेल्फीत आहे तस्संच बसवलं. याला म्हणतात डॉक्युमेंटेशन.

सगळं बंद केल्यावर चार नट आणि एक वॉशर उरले. कंपन्या नेहमी काही पार्ट जादा देतात. इथे कंपनी म्हणजे भाऊजी हे मागाहून लक्षात आलं. भाऊजी सढळ हाताचे होतेच. नट खिशात घालून घरी आणले. रुचिराला कपडे धुताना सापडले. तिने ते माझ्या ताटाशेजारी ठेवले.

शनिवार, ३० नोव्हेंबर. सकाळी ११.

यश. यश. यश.

गाडी घोड्यांवरच ठेवून इंजिन चालू केलं. मी सीटवर. पहिला गिअर टाकला. मागून रुचिरा ओरडली, फिरली. मागची दोन्ही चाकं गरगर फिरत होती. आवाज नाही, बोंब नाही, काही नाही. ती व्हिडिओ घेत होती आणि मी स्टीअरिंगवर हात ठेवून कॅमेऱ्याकडे वळून बघितलं. मी त्यात बरा दिसतो.

ताई पडवीत उभी होती. तिने हात जोडले. गाडीला की भाऊजींना, माहीत नाही.

व्हिडिओ ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी वा वा केलं. फक्त गणूशेठ भिंतीपलीकडून मोबाइल घेऊन आले आणि म्हणाले, "दादा, चाकं मागं फिरतान असं दिसतंय. नाय?"

मी समजावलं. सिनेमात टांगा जोरात पळतो तेव्हा त्याची चाकं उलटी फिरताना दिसतात, बघितलं असेल. तो कॅमेऱ्याचा दोष असतो, त्यामागे सायन्स आहे. ते म्हणाले, आमी काय सायनवाले नाय, आणि गेले. अर्धवट माहितीच्या लोकांचं असंच असतं.

आभाचा पुण्याहून मेसेज उशिरा आला. 'मस्त, मामा. दमला असशील.' एवढंच. मुलींना लग्नाच्या गडबडीत सुचत नाही.

रविवार, १ डिसेंबर.

आज रस्त्यावर चक्कर मारणार होतो. अमावस्या निघाली. ताई पाळते. नाही काढली.

खरं सांगायचं तर अमावस्या बघून बरं वाटलं. काल रात्री ते चार नट डोळ्यांसमोर येत होते.

शनिवार, ७ डिसेंबर.

आज अमावस्या नाही. सकाळी गाडीत बसलो, किल्ली लावली, काढली. पुन्हा लावली. अंगणातून बाहेर पडताना डाव्या हाताला विहीर आहे.

तेवढ्यात ताईने विचारलं, चक्कर मारणार ना? आणि माझ्या तोंडून असं सुरेख वाक्य निघालं की मीच चकित झालो. म्हटलं, ताई, भाऊजींनी आभासाठी बांधलेली गाडी. दुरुस्तीनंतरची पहिली चक्कर मी कशी मारू? ती आभाचीच. पूजा करू, चाकाखाली लिंबू ठेवू, आणि गाडी पहिल्यांदा हलेल ती तिला घेऊनच.

ताईला ते फार भावलं. तिने लगेच गुरुजींना फोन केला. त्यांनाही पटलं. विहीणबाईंना कळवलं, त्या म्हणाल्या, किती छान प्रथा. आता ती प्रथा आहे. संध्याकाळपर्यंत मलाही वाटू लागलं की आमच्यात पूर्वीपासून असंच करतात.

शुक्रवार, १३ डिसेंबर.

मांडव पडला. गाडी पुसली, झेंडूच्या माळा सोडल्या. मांडवाच्या कमानीच्या पुढे उभी केली, तोंड रस्त्याकडे. गणूशेठच्या माणसांनी ढकलत आणली, कारण प्रथा.

आभा आली. गाडीभोवती फिरली. मागच्या मडगार्डवरून हात फिरवत राहिली. ते गोलाईचं मडगार्ड भाऊजींनी झाडाच्या ओंडक्यावर पत्रा ठोकून काढलेलं, तेव्हा ती शेजारी बसून असायची. मग ती आणि होणारे जावई प्रणित कोपऱ्यात बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. ती हातवारे करून काही सांगत होती. नवीन जोडप्यांचं असतं काही ना काही. मी खाकरून लांब गेलो.

शनिवार, १४ डिसेंबर.

लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

लग्न नीट लागलं. आभाला बोहल्यावर मीच आणलं, मामा म्हणून मागे उभा राहिलो. भाऊजींचा फोटो खुर्चीवर ठेवला होता.

पाठवणीची वेळ झाली. गाडीची पूजा केली, चार चाकांपुढे चार लिंबं ठेवली. ताई रडत होती. आभा गाडीत बसली, प्रणित स्टीअरिंगवर. बॅंडवाले सज्ज. सगळं गाव बाजूला उभं, आणि मी दाराशी, एक हात दारावर, म्हणजे फोटोत यावं.

प्रणितने गिअर टाकला. मी बघितलं, रिव्हर्स.

मला हसू आलं. नवा जावई, घाबरला असेल. मी वाकलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, जावईबापू, पुढे जायचंय, मागे नाही. लोक हसले. प्रणित हळूच म्हणाले, "मामा, राहू द्या." आभाने माझं मनगट धरलं. म्हणाली, "मामा, नको. आम्हाला जाऊ दे." मला वाटलं, लाजतेय. मी म्हटलं, अगं, मामा कशाला असतो. प्रणितरावांच्या हातावर हात ठेवून मी लिव्हर ओढला आणि पहिल्यात टाकला. त्यांचा पाय क्लचवरून सुटला.

गाडी मागे गेली.

पहिल्या गिअरमध्ये, पूर्ण ताकदीने, मागे. कमानीच्या खांबात घुसली. कमान खाली आली, झुंबर आलं, पानाचं टेबल गेलं. कुणाला लागलं नाही. हे तीनदा विचारून घेतलं. कुणालाही लागलं नाही. बॅंडवाल्यांना कुणी सांगितलं नाही, ते वाजवतच राहिले.

मागचं डावं मडगार्ड कागदासारखं दुमडलं. खांब त्यातून आरपार.

आभा उतरली. मडगार्डपाशी गेली, ओणवी होऊन बघितलं. शालूचा पदर खाली गळलेल्या तेलात होता. मी जवळ जाऊन म्हणालो, बहुतेक प्रणितरावांचा पाय घसरला. हे मी म्हणालो. सगळ्यांसमोर. प्रणितराव माझ्याकडे बघत होते आणि ते म्हणाले, हो, माझाच घसरला.

ती गणूशेठच्या गाडीतून सासरी गेली. पांढरी गाडी, मागच्या काचेवर त्यांच्या अर्थमूव्हर्सचं नाव. जाताना तिने मला नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला. काय दिला आठवत नाही.

रविवार, १५ डिसेंबर. कामोठे.

ऑफिस असतं तर आज रजा घेतली असती. रविवारच आहे.

प्रणितरावांचा पाय घसरला हे मी रुचिराला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, पहिल्या गिअरमध्ये गाडी मागे का गेली? मी म्हटलं, उतार असेल. ती म्हणाली, तिथे चढ आहे.

दुपारी मोबाइलमध्ये तो सेल्फी उघडला. सदतीस अंगठ्यांचा. बराच वेळ काही दिसलं नाही. मग शर्टाचा खिसा दिसला. माझा खिसा डावीकडे असतो, सगळ्यांचाच असतो. फोटोत उजवीकडे होता. मोबाइलने आरशासारखा उलटा फोटो काढला आणि मी तो बघून क्राऊन उलट्या बाजूला बसवला. म्हणून पुढचे सगळे गिअर मागे आणि मागचा एक तेवढा पुढे.

असल्या मोबाइलवर कंपनीने स्पष्ट सूचना द्यायला हवी, असं एक वाक्य लिहिलं. खोडलं.

बुधवार, १८ डिसेंबर.

आभा आणि प्रणितराव मांडवपरतणीला शिरढोणला आले. मला जायचं नव्हतं. ताईने फोन केला की आभा विचारतेय.

जेवणं झाल्यावर आभा मला शेडमध्ये घेऊन गेली. मी पाठ केलं होतं काय बोलायचं ते. मोबाइलचा दोष, खिसा, सगळं. तिनेच आधी सुरुवात केली.

"मामा, मला व्हिडिओत कळलं होतं. क्राऊन उलटा बसलाय ते. बाबा मला लहानपणी शिकवायचे ना. म्हणून मी प्रणितला सांगून ठेवलं होतं, रिव्हर्स टाक, गाडी पुढे जाईल. पळस्प्यापर्यंत हळूहळू गेलो असतो. तिथे प्रणितची गाडी उभी होती. कुणाला कळलंही नसतं."

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस?

ती म्हणाली, "तू किती खूश होतास."

बाहेर प्रणितराव ताईला लग्नातल्या जेवणाबद्दल काही सांगून हसवत होते. गेले चार दिवस मी त्यांचा पाय घसरला म्हणून सांगत फिरलोय. ऑफिसातही सांगितलं आहे.

संकल्प: खरं काय झालं ते प्रत्येकाला सांगणार. स्वतःहून. नावानिशी.

रविवार, २२ डिसेंबर.

पळस्प्याच्या गॅरेजचा टेम्पो गाडी न्यायला आला. आभा आणि मी दोघंही हजर. मी सकाळी आठला पोचलो होतो. मनाशी पक्कं होतं की आज सगळं सांगायचं, आणि सुरुवात याच माणसापासून.

गॅरेजवाला भला वाटला. गाडीखाली वाकून बघितलं, चाक हाताने फिरवलं, पुन्हा बघितलं. मग उठून सहज विचारलं, हे क्राऊनचं काम कुणी केलंय?

मी तोंड उघडलं. ताई चहाचे कप घेऊन दारात आली होती. मी आधी चहा घ्यावा म्हणून हात पुढे केला. तेवढाच वेळ गेला.

आभा म्हणाली, "बाबांनीच केलं असणार. शेवटी-शेवटी तब्येत बरी नव्हती त्यांची."

गॅरेजवाला म्हणाला, तरीच. म्हातारपणी होतं असं. बाकी गाडी मात्र काय बांधलीय.

ताईने ऐकलं. तिने माझ्याकडे बघितलं, अगदी थोडा वेळ, आणि ट्रे खाली ठेवला. बोलायला तेव्हाही वेळ होता. दोर बांधेपर्यंत होता, टेम्पो वळेपर्यंत होता. मी चहा पीत होतो. कपातला संपल्यावरही पीत होतो.

टेम्पो गेला. आभा निघाली. शेडमधली जागा रिकामी झाली. अंगणात गवत आणि झेंडूची वाळलेली फुलं पडली होती. ताईने झाडू घेतला. मी धावत गेलो, म्हटलं, दे इकडे ताई, मी झाडतो.

ती म्हणाली, "राहू दे, अविनाश. तू नको."